गाणं गोड लागेनासं होतं तेव्हा

(एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या संगीतशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यापुढे बसून पेटी शिकलेली बरीच मंडळी मला समोर दिसताहेत. मी त्यांपैकी नाही. मी मनोविकारांचा डॉक्टर. गाण्यातलं माझं शिक्षण म्हणजे ऐकणं, तेही बहुधा सतरंजीच्या शेवटच्या कडेला बसून. संयोजकांनी ‘संगीत आणि नैराश्य’ हा विषय सुचवला आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, “डॉक्टर, कुठला राग कशावर चालतो तेही सांगा हं.” त्या फर्माइशीपासूनच सुरुवात करतो, म्हणजे ती एकदाची निकालात निघेल.

तो तक्ता तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी आला असणार. दरबारीने झोप लागते, अमक्या रागाने रक्तदाब उतरतो, तमक्याने मधुमेह. खाली लिहिलेलं असतं, ‘दहा जणांना पाठवा’. याला आधार काय म्हणून विचारलं तर उत्तर येतं, ‘शास्त्रात आहे.’ शास्त्रात रागांच्या वेळा आहेत, रसांची चर्चा आहे. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हे नाही. शिवाय राग म्हणजे कारखान्यातून निघालेली गोळी नव्हे. अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकून एकाच्या डोळ्यांत पाणी येतं, तर शेजारचा घड्याळ बघतो. आणि ज्याच्या कानावर आयुष्यात मारवा पडलेला नाही, त्याला हे गाणं सुरू कधी झालं असाच प्रश्न पडतो.

पंडित ओंकारनाथ ठाकूर १९३३ साली युरोपात गेले होते. तिथे त्यांनी पूरिया गाऊन निद्रानाशाने त्रासलेल्या मुसोलिनीला झोपवलं, ही कथा आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. कथा म्हणून ती झकास आहे. पण तिच्या शेजारी उभी असलेली दुसरी हकिकत कोणी सांगत नाही. त्याच वर्षी पंडितजींच्या पत्नी इंदिरादेवी वारल्या. त्या दुःखावर त्यांनी अमुक राग गायला आणि ते उतरलं, असं कुठे ऐकिवात नाही. कळतं ते एवढंच, की त्यानंतर त्यांनी स्वतःला सर्वस्वी गाण्याला वाहून घेतलं. आज मला जे सांगायचं आहे ते या दुसऱ्या हकिकतीच्या बाजूचं आहे. नैराश्यात गाण्याचा उपयोग होतो, पण तो नुसतं ऐकण्यापेक्षा करण्यातून होतो, आणि एकट्याने करण्यापेक्षा कोणाच्या तरी सोबतीने केल्यावर जास्त होतो. आणि तोही औषधोपचार चालू ठेवून.

हे माझ्या मनचं नाही. फिनलंडमध्ये याक्को एर्किला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या ७९ रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार, म्हणजे गोळ्या आणि समुपदेशन, सगळ्यांचे चालू होते. त्यांपैकी ३३ जणांना आठवड्यातून दोनदा, अशा एकूण २० बैठकी संगीतोपचाराच्या दिल्या. या बैठकींत त्यांना कोणी गाणी ऐकवली नाहीत. त्यांच्या हातात वाद्यं दिली, त्यात आफ्रिकी ढोलही होता. रुग्ण आणि उपचारक समोरासमोर बसून सुचेल तसं वाजवत, आणि मग वाजवताना मनात काय आलं त्यावर बोलत. पूर्वी संगीत शिकलेलं असण्याची अट नव्हती. तीन महिन्यांनी या गटाचं नैराश्य आणि चिंता दुसऱ्या गटापेक्षा अधिक उतरली होती. सहा महिन्यांनी मात्र हा फरक तितका स्पष्ट राहिला नाही, हेही सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे बातमीचा पहिला अर्धा भागच पुढे जातो. पुढे २०१७ साली ‘कॉक्रेन’ या संस्थेने अशा ९ अभ्यासांचा, मिळून ४२१ रुग्णांचा, आढावा घेतला. निष्कर्ष असा, की नेहमीच्या उपचारांना संगीताची जोड दिली तर निदान काही काळापुरता फायदा दिसतो. जोड, असं मी म्हणतोय. गोळ्या बंद करून तानपुरा लावा, असं त्यात कुठेही नाही.

नुसत्या ऐकण्याने काय होतं, याचं एक भव्य उदाहरण इतिहासात आहे. स्पेनचा राजा पाचवा फेलिपे. उठत नसे, दाढी करू देत नसे, दरबाराकडे फिरकत नसे. वैद्य थकले. १७३७ साली राणीने फारिनेल्लीला माद्रिदला बोलावलं. हा इटालियन गायक त्या वेळी लंडन गाजवत होता. राजाच्या शेजारच्या दालनात त्याला गायला लावलं. राजा हलला. त्याने गायकाला जवळ बोलावलं, काय हवं ते माग म्हणाला. फारिनेल्ली म्हणाला, आपण दाढी करून घ्यावी आणि राज्यसभेत बसावं. राजाने ऐकलं! यानंतर फारिनेल्लीने जाहीर मैफली सोडल्या आणि १७४६ साली राजा मरेपर्यंत, म्हणजे नऊ वर्षं, तो जवळजवळ रोज रात्री राजापुढे गात राहिला. त्याच त्या मोजक्या चिजा गायच्या, असं सांगतात.

डॉक्टर म्हणून मी या हकिकतीकडे दोन नजरांनी बघतो. अंथरुणातून न उठणारा रुग्ण दाढी करून कामावर गेला, तर आम्ही केसपेपरवर आनंदाने ‘सुधारणा’ असं लिहितो. तेव्हा गाण्याने काहीच केलं नाही असं म्हणवत नाही. पण नऊ वर्षं! आजार गेला नाही. तो येत-जात राहिला. जगातला सर्वोत्तम आवाज रोज रात्री हुकमी मिळूनही गेला नाही. मला यात सगळ्यांत लक्षणीय वाटतो तो इंग्रजांच्या राजदूताने, बेंजामिन कीनने, कळवलेला एक तपशील. गाणं संपलं की राजा स्वतःच त्या चिजा एकामागून एक ओरडून म्हणू लागे, आणि हे बाहेरच्या कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून दरबारी मंडळींची धावपळ उडे. दरबाराला तो वेडाचार वाटला, आणि असेलही. पण माझ्या मनात येतं, त्या नऊ वर्षांत राजाने स्वतःहून केलेलं गाणं तेवढंच. त्याच्या शेजारी बसून कोणी त्याला साथ दिली असती तर?

ऐकणं कमी प्रतीचं आहे असं मात्र मला म्हणायचं नाही. ऐकणंही काम असू शकतं. १९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला आले. वय चोवीसही नाही, देशभर नाव झालेलं, आणि डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलेलं. पुढची पाच-सहा वर्षं त्यांनी अंथरुणावर ऐकण्यात काढली. रस्त्याने जाणारे नाथपंथी गायक, माळव्यातल्या बायकांची लग्नाची, सणावाराची, पावसाची गाणी. पण ते ऐकणं मन रमवण्यापुरतं नव्हतं. ते त्या धुनांची स्वरलिपी करत होते, त्यांच्यात राग कुठे दडलाय ते शोधत होते, आणि त्यातूनच पुढे धुनउगम राग आले. त्यांच्या पत्नी भानुमतीताईंनी त्या काळात नोकरी करून घर चालवलं. या सगळ्या कथेत एक गोष्ट आपण भाविकपणे गाळतो. कुमारजींना वाचवलं ते १९५२ च्या सुमारास मिळू लागलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने. एक फुफ्फुस तरीही निकामी राहिलं. माळव्याच्या गाण्याने जंतू मेले नाहीत. जंतू मेल्यानंतर काय गायचं, ते मात्र त्या गाण्याने ठरवलं.

आता माझ्या ओपीडीत या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीच्या एक बाई, यजमानांबरोबर आलेल्या. भावगीतांच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेसाठी धडपडणाऱ्या. यजमान उत्साहाने सांगत होते, “डॉक्टर, घरात दिवसभर तिची आवडती गाणी लावून ठेवतो.” मी बाईंकडे वळून विचारलं, “ऐकता का?” त्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाल्या, “लागलेली असतात. कळत नाहीत.”

हे वाक्य मला पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा उपयोगी पडलं आहे. नैराश्य म्हणजे दुःख, असा समज सार्वत्रिक आहे. दुःख असतंच, पण या आजाराची दुसरी मोठी खूण म्हणजे गोडी जाणं. जेवणाची, माणसांची, गाण्याची. कान शाबूत, सूर कळतो, शब्द पाठ आहेत. फक्त आत काही हलत नाही. अशा माणसाला ‘छान गाणी ऐक, फ्रेश वाटेल’ असं म्हणणं क्रूरपणाचं होतं, कारण त्याच्या मनात लगेच येतं, ‘आता गाणंसुद्धा नाही, म्हणजे आपलं सगळंच संपलं.’ त्या बाईंच्या यजमानांना मी सांगितलं, गाणी बंद करा. गोळ्या सुरू केल्या. काही आठवड्यांनी बाई एकट्याच आल्या आणि तक्रार केली, “खालच्या मजल्यावरचा मुलगा बासरी फार बेसूर वाजवतो हो.” मी मनातल्या मनात टाळी दिली. बेसूर टोचू लागला, म्हणजे गाडी रुळावर येत होती.

अमेरिकन कादंबरीकार विल्यम स्टायरन यांनी १९९० साली ‘डार्कनेस व्हिजिबल’ हे स्वतःच्या नैराश्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यात एका हिवाळी रात्रीचं वर्णन आहे. आयुष्य संपवायचा निश्चय झालेला. समोर एक चित्रपट चालू होता, त्यात ब्राम्सच्या ‘आल्टो ऱ्हॅप्सडी’तला एक तुकडा अचानक कानावर आला. कित्येक महिने कुठल्याच संगीताने त्यांच्या मनावर ओरखडासुद्धा उठला नव्हता, आणि या सुरांनी मात्र त्या घरात झालेली सगळी हसणीखिदळणी एकदम समोर आणून उभी केली. त्यांनी पत्नीला उठवलं. दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले आणि जवळजवळ सात आठवडे तिथे राहिले. ब्राम्सचं मोठेपण कोणीही सांगेल. मी त्या सात आठवड्यांकडे बोट दाखवतो. सुरांनी त्यांना पत्नीला हाक मारण्याइतकं जागं केलं. पुढचं काम रुग्णालयाचं होतं.

मग दुःखी गाण्यांचं काय? दुःखात दुःखी गाणंच का ऐकावंसं वाटतं? या प्रश्नावर आपल्याकडे फार खोल विचार झाला आहे. रसाची मीमांसा करणाऱ्या अभिनवगुप्ताच्या परंपरेत उत्तर असं, की कलेत शोक कोणा एकाचा राहत नाही, तो सगळ्यांचा होतो, आणि म्हणून त्याचा करुण रस होऊन आस्वाद घेता येतो. माझ्या व्यवसायाच्या नजरेने मी त्यात एक भर घालतो. नैराश्याच्या रुग्णाला नेमकं हे अंतर मिळत नाही. गाण्यातली विरहिणी त्याच्यासाठी विरहिणी राहतच नाही, ती त्याच्याच विरुद्धचा पुरावा होते. ऑस्ट्रेलियातले सॅन्ड्रा गॅरिडो आणि एमरी शूबर्ट यांना असंच आढळलं. मनात तेच ते विचार घोळवण्याची सवय असलेली माणसं दुःखी गाण्यांकडे ओढली जातात, आणि ऐकून झाल्यावर त्यांचं मन आणखी खाली जातं.

म्हणून पहाटे तीनला जाग येऊन कानात इअरफोन घालून तेच एक गाणं पुन्हा पुन्हा लावणाऱ्यांची मला काळजी वाटते. यात सोळा वर्षांची मुलं आहेत तशी सत्तरीतले आजोबाही आहेत. आईवडिलांना मी सांगतो, फोन हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा आणि म्हणा, मलाही ऐकव. एका कानातला बोळा काढून तो तुमच्या कानात दिला, तर अर्धं काम झालं. आणि स्वतःपुरतं विचारायचं तर एवढंच: गाणं संपल्यावर हलकं वाटतं की जड? रडून मोकळं वाटलं तर खुशाल ऐका. रडून झाल्यावर मनाचं तेच चऱ्हाट पुन्हा सुरू होत असेल तर ते गाणं काही दिवस बाजूला ठेवा, मग ते लताबाईंचं असो की कोणाचंही.

पण आनंदी गाणंही लगेच चालत नाही. आयरा अल्टशुलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४८ साली एक तत्त्व मांडलं. रुग्णाचं मन जिथे आहे तिथल्या गतीचं, तिथल्या भावाचं संगीत आधी वाजवायचं, आणि मग हळूहळू ते जिकडे न्यायचं तिकडे वळवायचं. गोव्यातल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. तिथला मांडो हा गीतप्रकार संथ, विरहाचा, काळजाला हात घालणारा. आणि मांडो झाले की त्यांना लागूनच दुल्पद येतं, जलद, खट्याळ, गावच्या भानगडी सांगणारं. रडलेली माणसं तिथेच पायांनी ठेका धरू लागतात. आपल्या ख्यालातही बहुधा आधी विलंबित, मग द्रुत. भजनी मंडळात करुणेचे अभंग होऊन मगच गवळण येते. दुल्पद आधी म्हटलं असतं तर शोकात बसलेला माणूस उठून गेला असता.

आणि हे सगळं ज्यांनी कुठल्याही तज्ज्ञाला न विचारता केलं, त्या आपल्या जात्यावरच्या बाया. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या अकराशेहून अधिक गावांतून या बायांनी दळताना म्हटलेल्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या लाखावर आहे. या दोघांचं लिखाण वाचताना आणि ध्वनिमुद्रणं ऐकताना माझ्यातला डॉक्टर सारखा थांबतो. पहाटेचा अंधार. नैराश्याचे बरेच रुग्ण ज्या वेळी सगळ्यांत जास्त खचलेले असतात, नेमकी तीच वेळ. एका खुंट्याला दोघींचे हात. सासुरवास, नवऱ्याचा जाच, गेलेलं लेकरू, न येणारा भाऊ, हे घरात कोणाला सांगायची सोय नाही. म्हणून ते जात्याला सांगायचं. सांगणं मात्र छंदात, जात्याच्या घरघरीला धरून. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने उचलायची. दुसरी ‘रडू नकोस’ म्हणत नाही, सल्ला देत नाही. ती तीच ओळ आपल्या आवाजात म्हणते, आणि जातं ओढत राहते. आम्ही ज्याला समुपदेशन म्हणतो, त्यात याहून फार जास्त काय असतं? आणि खाली पीठ पडत असतं. दिवसाचं एक काम सूर्य उगवायच्या आत झालेलं असतं.

याचे गोडवे गाताना सांभाळलं पाहिजे. दळण हे हाडं खिळखिळी करणारं काम होतं. गावात गिरणी आली तेव्हा त्या बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो योग्यच होता. जातं परत आणा असं म्हणणाऱ्या पुरुषाला आधी पायलीभर ज्वारी दळायला बसवावं. प्रश्न एवढाच, की गिरणी आली, कष्ट गेले, ते दुःख मात्र तिथेच राहिलं, आणि ते दुसरीच्या आवाजात ऐकायची जागा गेली.

ती जागा अजून कुठे आहे, ते मी एकदा पाहिलं. माझे एक रुग्ण, एसटीतून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यानंतर खचले. गोळ्यांनी झोप आली, भूक आली, पण माणूस ओट्यावरून हलेना. शेजारच्या भजनी मंडळाचे बुवा एका एकादशीला आले आणि म्हणाले, “अण्णा, आमचा एक टाळकरी कमी आहे. टाळ धरा.” गा म्हणाले नाहीत, ‘मन रमेल’ म्हणाले नाहीत. पुढे त्यांच्या मुलीने आग्रह केला म्हणून मी एका संध्याकाळी देवळात मागे जाऊन बसलो. पखवाजवाला डाव्या तोंडाला कणीक थापत होता. अण्णांनी टाळाची दोरी बोटांभोवती गुंडाळली होती, जरा जास्तच आवळून. पहिल्या अभंगाला त्यांचा टाळ मागे पडत होता. शेजारच्या म्हाताऱ्याने मान न वळवता समेवर त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावला. पुन्हा समेवर, पुन्हा गुडघा. तिसऱ्या अभंगाला टाळ जागेवर आला. अण्णा गात नव्हते. भजन संपलं, तीर्थप्रसाद झाला, आणि बुवा चप्पल घालता घालता म्हणाले, “गुरुवारी लवकर या, सतरंज्या अंथरायच्यात.” कोणीही ‘कसं वाटतंय आता?’ असं विचारलं नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर त्या बुवांनी अण्णांना घराबाहेर काढलं, ठरलेल्या वेळेचं बंधन दिलं, चार माणसांच्या लयीत शरीर हलवायला लावलं, आणि आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं ही जाणीव दिली. यातलं एकही मी प्रिस्क्रिप्शनवर लिहू शकत नाही. अण्णांच्या गोळ्या मात्र मी पुढे बरेच महिने चालू ठेवल्या, आणि बुवांनीही त्या सोडा असं कधी म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ‘देवाचं नाव घ्या, गोळ्या कशाला’ म्हणणारे बुवाही मला भेटले आहेत. त्यांनी केलेली पडझड निस्तरायला फार वेळ लागतो.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. आपलं राज्य त्यात नव्हतं, पण आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. एवढ्यांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत. भजनी मंडळं, बायकांचे भोंडल्याचे आणि मंगळागौरीचे गट, गायनवर्ग, ढोलपथकं मात्र गावोगाव आहेत.

म्हणून या सभागृहात बसलेल्या गायन-वादनाच्या शिक्षकांना आणि मंडळांच्या चालकांना माझी विनंती आहे. तुमच्या वर्गात, मंडळात एखादा माणूस यायचा बंद झाला, तर फी राहिली म्हणून नव्हे, तर माणूस राहिला म्हणून त्याच्या घरी जा. सूर लागत नसेल तर टाळ द्या, टाळ जमत नसेल तर सतरंजी अंथरायला बोलवा. आणि ज्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच, अगदी आवडत्या गाण्यातही गोडी वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे किंवा जगणं नकोसं झालं आहे, त्याला गाणं सुचवत बसू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा. डॉक्टर जवळ नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि त्यावर मराठीतून बोलता येतं.